तान्ह्या बाळाची आई आणि थरथरता हात : पर्पेतुआची गोष्ट

आजचे वाचन : १ पेत्र ४:१२-१९
सोबत वाचा : लूक १२:११-१२



आजचा उतारा वाचायला दोन मिनिटं लागतात, पण गळी उतरायला बराच वेळ लागतो. पेत्र सांगतो की विश्वासामुळे तुमची अग्निपरीक्षा होऊ लागली तर काही भलतंच घडलं असं समजून चकित होऊ नका. ख्रिस्ती म्हणून दुःख सोसावं लागलं तर त्याची लाज बाळगू नका, उलट त्याच नावाने देवाचं गौरव करा.

खरं सांगू? हे वाचताना मला आधी शरमल्यासारखं होतं. कारण माझी परीक्षा आगीची नसतेच. ऑफिसमध्ये डबा खाताना कुणीतरी सहज विचारतं की रविवारी सकाळी तू कुठे असतेस, आणि मी घास चावत चावत विषय बदलते. कुणी मारत नाही, कुणी तुरुंगात टाकत नाही. फक्त समोरच्याच्या भुवया वर जातील याची भीती वाटते, आणि तेवढी भीती मला पुरते.

पण हे वाचणाऱ्यांमध्ये असेही कुणी असतील ज्यांच्यासाठी हा प्रश्न इतका हलका नाही. बाप्तिस्मा घेतल्यापासून घरी कुणी धड बोलत नाही. लग्नाची बोलणी थांबली आहेत. आई रोज रडते. आणि मग मनात येतं की मी शूर नाही, छळ सोसणारे लोक वेगळ्याच मातीचे असतात.

म्हणून आज एका बाईची गोष्ट सांगते. ती वेगळ्या मातीची नव्हती. ती घाबरत होती, आणि घाबरल्याचं तिने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे.

कार्थेजमधली मुलगी

तिचं नाव विबिया पर्पेतुआ. राहणारी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या परिसरात, म्हणजे आज जिथे ट्युनिशिया देश आहे तिथे. काळ इ. स. २०३. रोमच्या गादीवर सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस होता. पर्पेतुआ चांगल्या घरातली, शिकलेली, लग्न झालेली. वय साधारण २२. आईवडील होते, दोन भाऊ होते, आणि अंगावर पिणारं एक तान्हं बाळ होतं.

त्या काळी बाप्तिस्म्याआधी बराच काळ शिक्षण घ्यावं लागे. पर्पेतुआ अशाच एका छोट्या गटात होती. त्या गटात रेवोकातुस आणि फेलिसिटी हे दोघं गुलाम होते, सातुर्निनस आणि सेकुंदुलुस हे दोन तरुण होते. खानदानी घरातली मुलगी आणि विकत घेतलेली गुलाम स्त्री एकाच ठिकाणी शिकत होत्या, एकमेकींना बहीण मानत होत्या. रोमी समाजात ही साधी गोष्ट नव्हती, बरं का!

एके दिवशी या सगळ्यांना अटक झाली. त्यांना शिकवणारा सातुरस तेव्हा तिथे नव्हता, त्यामुळे तो सुटला होता. पण आपण ज्यांना विश्वासाचे धडे दिले त्यांना एकटं सोडायचं नाही म्हणून तो मागाहून स्वतः होऊन हजर झाला.

तुरुंगात पर्पेतुआने रोजनिशी लिहिली. ख्रिस्ती स्त्रीच्या हातून उतरलेल्या आणि आजवर टिकलेल्या सर्वात जुन्या लिखाणांमध्ये ती मोडते. त्यात मोठमोठी तत्त्वं नाहीत. बाळाचं दूध, वडिलांचे पांढरे केस, अंधार, उकाडा, आणि प्रभू, असं सगळं आहे.

पहिली झुंज घरातलीच

आपल्याला वाटतं छळ म्हणजे सिंह, तलवार, शिपाई. पर्पेतुआच्या रोजनिशीत सगळ्यात आधी येतात ते तिचे वडील.

ते ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांचं तिच्यावर अतोनात प्रेम होतं. मुलांमध्ये तीच त्यांची सगळ्यात लाडकी होती. अटक झाल्यावर ते लगेच आले आणि हे सगळं सोडून दे म्हणून विनवू लागले. पर्पेतुआने जवळ पडलेलं एक पाण्याचं भांडं दाखवलं आणि विचारलं की याला भांडं सोडून दुसरं काही म्हणता येईल का. वडील नाही म्हणाले. मग तिने सांगितलं की तिलाही तसंच स्वतःला ख्रिस्ती सोडून दुसरं काही म्हणवून घेता येत नाही.

तो शब्द ऐकताच वडील संतापाने तिच्या अंगावर धावून गेले, जणू तिचे डोळेच उपटून काढतील. पण काही न करता निघून गेले. पुढचे काही दिवस ते फिरकले नाहीत, आणि तिला हायसं वाटलं. हेही तिने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे.

त्याच काही दिवसांत तिचा बाप्तिस्मा झाला. पाण्यात उतरताना पवित्र आत्म्याने तिला एकच मागणं सुचवलं, देहाने सोसण्याचं बळ. तिने सुटका मागितली नाही, चमत्कार मागितला नाही, सोसता यावं एवढंच मागितलं.

अंधार आणि बाळ

मग त्यांना खऱ्या तुरुंगात हलवलं. पर्पेतुआ लिहिते की तिला भयंकर भीती वाटली, कारण असा अंधार तिने कधीच पाहिला नव्हता. गर्दीमुळे उकाडा असह्य होता. शिपाई पैसे उकळत होते. आणि या सगळ्यावर बाळाची काळजी तिचा जीव खात होती.

इथे जरा थांबा. ज्या स्त्रीला मंडळीने १,८०० वर्षं धैर्याचा नमुना मानलं, ती तुरुंगाच्या पहिल्या दिवशी घाबरलेली आहे. तिच्या विश्वासात खोट होती म्हणून नव्हे. माणसाला अंधाराची भीती वाटतेच.

देवाने तिला सांभाळलं ते कसं? आकाशातून दूत उतरला नाही. तर्तियस आणि पोंपोनियस नावाचे मंडळीचे दोन डीकन आले. त्यांनी पहारेकऱ्यांना पैसे चारले आणि या कैद्यांना काही तास तुरुंगाच्या जरा बऱ्या भागात बसता यावं अशी सोय केली. तिथे तिने भुकेने मलूल झालेल्या बाळाला पाजलं. आईला धीर दिला, भावाला धीर दिला, बाळाला त्यांच्यावर सोपवलं. आपल्यामुळे हे सगळे झिजत आहेत हे बघून तिचा जीव तुटत होता. काही दिवसांनी बाळाला तुरुंगात जवळ ठेवायची परवानगी मिळाली. त्या क्षणी तिची तब्येत सुधारली आणि तोच तुरुंग तिला राजवाड्यासारखा वाटू लागला.

दोन डीकन आणि एक बाळ! धैर्य बहुतेक वेळा असंच येतं, कुणाच्या तरी हातून, थोडं थोडं.

भावाच्या सांगण्यावरून तिने प्रभूला विचारलं की यातून सुटका आहे की मरण. तिला दृष्टांत झाला. आकाशाला भिडलेली पितळेची एक अरुंद शिडी, दोन्ही बाजूंना तलवारी, भाले, आकडे लटकलेले, पायथ्याशी एक मोठा अजगर. सातुरस आधी चढून गेला. पर्पेतुआने येशू ख्रिस्ताच्या नावाने अजगराच्या डोक्यावर पाय ठेवला, जणू तीच पहिली पायरी, आणि वर गेली. वर मोठी बाग होती. पांढऱ्या केसांचा एक उंच मेंढपाळ मेंढ्यांचं दूध काढत बसला होता आणि भोवती शुभ्र वस्त्रातले हजारो लोक उभे होते. त्याने तिला दुधाचा एक घास दिला, तिने तो हात जोडून घेतला, सगळे आमेन म्हणाले. जाग आली तेव्हा तोंडात काहीतरी गोड चव रेंगाळत होती. तिने भावाला सांगितलं, आणि दोघांना कळलं की आता सुटका नाही. त्या दिवसापासून त्यांनी या जगातली आशा सोडली.

पांढरे केस

वडील पुन्हा आले. आता राग नव्हता. काळजीने ते पार खंगले होते. माझ्या पांढऱ्या केसांकडे बघ, आईकडे बघ, तुझ्याशिवाय न जगणाऱ्या तुझ्या बाळाकडे बघ, अशी विनवणी त्यांनी केली. तिचे हात चुंबले, तिच्या पायांवर लोळण घेतली. मुलगी न म्हणता ते तिला बाईसाहेब म्हणू लागले.

विचार करा, त्या काळातला रोमी बाप! घरात ज्याचा शब्द शेवटचा, तो मुलीच्या पायाशी.

पर्पेतुआला अतिशय वाईट वाटलं. तिने त्यांना जवळ करून समजावलं की न्यायासनासमोर देवाची इच्छा असेल तेच होईल, आपण आपल्या हातात नाही, देवाच्या हातात आहोत. ते दुःखी होऊन निघून गेले.

पुढे एक दिवस दुपारचं जेवण चाललेलं असताना सगळ्यांना अचानक चौकशीसाठी नेलं. बातमी पसरली, चौकात तोबा गर्दी झाली. न्यायासनावर हिलारियानस नावाचा अधिकारी होता. बाकीच्यांनी आपला विश्वास कबूल केला. पर्पेतुआची पाळी आली, आणि तेवढ्यात वडील तिच्या बाळाला घेऊन पुढे आले. त्यांनी तिला पायरीवरून खाली ओढलं आणि बाळाची दया कर म्हणून गयावया केली. हिलारियानसही तेच म्हणाला. बापाच्या म्हातारपणाची कीव कर, लेकराची कीव कर, सम्राटांच्या कल्याणासाठी एक यज्ञ कर, म्हणजे सुटलीस.

किती सोपं होतं ना! एक छोटासा विधी, मग बाळ कुशीत, वडील खुश, घर पुन्हा पहिल्यासारखं.

तिने नकार दिला. तू ख्रिस्ती आहेस का, या सरळ प्रश्नाला तिने सरळ होकार दिला.

वडील तरीही हटेनात, तेव्हा हिलारियानसने त्यांना खाली पाडून छडीने मारायला लावलं. पर्पेतुआ लिहिते की तो मार जणू तिच्याच अंगावर पडला. मग सगळ्यांना श्वापदांपुढे टाकण्याची शिक्षा झाली, आणि ते आनंदाने तुरुंगात परतले.

परतल्यावर तिने पोंपोनियसला बाळ आणायला पाठवलं. वडिलांनी बाळ दिलं नाही. देवाच्या इच्छेने बाळाने पुन्हा दूध मागितलं नाही आणि तिच्या छातीतही दूध दाटून दुखलं नाही, असं ती लिहिते. म्हणजे देवाने तिला कुठे सांभाळलं? नेमकं तिथे, जिथे फक्त एका आईलाच दुखलं असतं.

हा भाग वाचताना मी दर वेळी अडखळते. बाळाला सोडून जाणं बरोबर होतं का, असा प्रश्न मनात येतो. तो यायलाच हवा. माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. एवढंच दिसतं की बाळाला आईपासून तोडणारा निर्णय न्यायासनावरच्या माणसाने दिला होता. तिने फक्त खोटं बोलायला नकार दिला. आणि तिचं प्रेम आटलं नाही, वडिलांवरचंही नाही. शेवटच्या भेटीत ते आपली दाढी उपटत जमिनीवर पालथे पडले, तेव्हाही त्यांच्या दुर्दैवी म्हातारपणासाठी तिचा जीव कळवळला. तिने त्यांना शत्रू मानलं नाही.

फेलिसिटी

फेलिसिटीला आठवा महिना होता. गरोदर स्त्रीला ठार मारायची कायद्याने मनाई होती, म्हणून आपण मागे राहू आणि नंतर अनोळखी गुन्हेगारांबरोबर एकटीने मरावं लागेल याचं तिला दुःख होतं. सोबत्यांनाही तिला मागे ठेवून जाणं जड वाटत होतं. खेळांच्या दोन दिवस आधी सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली, आणि लगेच तिला कळा सुरू झाल्या.

आठव्या महिन्यातलं बाळंतपण, त्या कळा भयंकर होत्या. एका पहारेकऱ्याने टोमणा मारला की आत्ताच ओरडतेस, मग श्वापदांपुढे काय करशील. फेलिसिटीने त्याला सांगितलं की आत्ता जे सोसते आहे ते तिचं ती सोसते आहे, पण तिथे तिच्या आत दुसरा कुणी असेल, जो तिच्यासाठी सोसेल, कारण तीही त्याच्यासाठी सोसणार आहे.

आजच्या उताऱ्यातलं तेरावं वचन पुन्हा वाचा. ख्रिस्ताच्या दुःखात भागीदार होणं म्हणजे काय, ते एका गुलाम बाईने बाळंतवेणांमध्ये सांगितलं.

तिला मुलगी झाली. एका बहिणीने ती आपली लेक म्हणून वाढवली. इथेही मंडळीच पुढे आली.

७ मार्च २०३

सम्राटाचा धाकटा मुलगा गेता याच्या वाढदिवसानिमित्त लष्करी खेळ होते. सेकुंदुलुस तुरुंगातच वारला होता. शेवटच्या रात्री कैद्यांना जाहीर मेजवानी देण्याची पद्धत होती, लोक बघायला येत. यांनी तिचं प्रीतिभोजन करून टाकलं. बघ्यांना ते प्रभूविषयी सांगत होते, त्यातले बरेच जण विश्वास ठेवू लागले. पुदेन्स नावाच्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याने या लोकांमध्ये काहीतरी मोठं सामर्थ्य आहे हे आधीच ओळखलं होतं. त्यानेही विश्वास धरला.

सकाळी ते आखाड्याकडे निघाले ते स्वर्गाकडे निघाल्यासारखे. दारावर स्त्रियांना केरेस देवीच्या पुजारिणींचे कपडे घालायची सक्ती झाली. पर्पेतुआने ठाम नकार दिला. हे करावं लागू नये म्हणूनच आम्ही जीव द्यायला तयार झालो, असं तिचं म्हणणं होतं. अधिकाऱ्याला ते मानावं लागलं. ती स्तोत्र गात आत गेली.

पुढचं मी थोडक्यात सांगते. या दोघींवर एक पिसाळलेली गाय सोडली. पर्पेतुआ उडून पडली. उठून बसल्यावर तिने आधी फाटलेला अंगरखा सारखा केला, मग पिन मागून सुटलेले केस बांधले, कारण मोकळे केस म्हणजे शोकाची खूण, आणि हा तिच्या गौरवाचा दिवस होता. मग तिने बाजूला पाहिलं. फेलिसिटी जमिनीवर पडली होती. ती तिच्याजवळ गेली, हात दिला, उभं केलं. मालकिणींच्या वर्गातली स्त्री आणि एक गुलाम, हजारो डोळ्यांसमोर हातात हात घेऊन उभ्या.

तिने भावाला बोलावून निरोप दिला की सगळ्यांनी विश्वासात स्थिर राहावं, एकमेकांवर प्रीती करावी, आणि आमच्या दुःखामुळे अडखळू नये.

शेवटी तलवारीची वेळ आली. सगळ्यांनी एकमेकांना शांतीचं चुंबन दिलं. पर्पेतुआच्या वाट्याला आलेला तलवारबाज नवशिका होता. पहिला वार हाडावर बसला, ती किंचाळली. मग त्याचा थरथरता हात धरून तिनेच तो आपल्या गळ्याशी नेला.

त्या रिंगणात थरथरत होता तो मारणाऱ्याचा हात.

तिची गोष्ट आफ्रिकेतल्या मंडळ्यांमध्ये दर वर्षी वाचली जाऊ लागली. दोनशे वर्षांनी संत ऑगस्टिनने या दोघींच्या स्मरणदिनी प्रवचनं दिली. आजही ७ मार्चला अनेक मंडळ्यांमध्ये त्यांची नावं एकत्र घेतली जातात.

आपल्यासाठी

या गोष्टीतून मी तीन गोष्टी घेते.

पहिली, भीती म्हणजे अविश्वास नाही. अंधाराला घाबरलेली मुलगी आणि थरथरता हात धरणारी मुलगी एकच आहे, मध्ये फक्त काही दिवसांचं अंतर आहे. आखाड्यासाठी लागणारं बळ तिला अटकेच्या दिवशी मिळालं नाही, आखाड्यात मिळालं. लूक १२ मध्ये प्रभू हेच सांगतो, त्या घटकेला काय बोलायचं ते पवित्र आत्मा त्या घटकेला शिकवील. म्हणून उद्याच्या छळासाठी आजच धैर्य नाही म्हणून खचू नका.

दुसरी, नाव लपवायचं नाही आणि माणसं तोडायची नाहीत. घरचे रडतात तेव्हा दोन मोह होतात. एक, खोटं बोलून शांतता विकत घेणं. दुसरा, त्यांनाच शत्रू ठरवून कठोर होणं. पर्पेतुआने दोन्ही टाळलं. आणि पेत्राचं पंधरावं वचनही विसरू नका. आपल्या उद्धटपणामुळे किंवा दुसऱ्याच्या कामात नाक खुपसण्यामुळे जो त्रास होतो, त्याला ख्रिस्तासाठी छळ म्हणता येत नाही. आईशी वाद जिंकणं म्हणजे साक्ष नव्हे. तिच्यासाठी चहा टाकणं, आणि विचारलं की खरं सांगणं, ही साक्ष असू शकते.

तिसरी, कुणीही एकट्याने सोसायचं नसतं. आपल्यातल्या कुणाला घर सोडावं लागलं असेल तर त्याला फक्त प्रार्थनेत आठवतो असं म्हणून भागणार नाही. त्याला राहायला खोली हवी, डबा हवा, गरज पडली तर वकील हवा, सणाच्या दिवशी बसायला एक घर हवं. तर्तियस आणि पोंपोनियस व्हा. त्यांची नावं १,८०० वर्षं टिकली ती फक्त भेटायला गेले म्हणून.

आज विचार करा

मी ख्रिस्ती आहे हे मी कोणापासून लपवतो किंवा लपवते? नेमकी कशाची भीती आहे?

विश्वासामुळे दुखावलेलं माझ्या घरातलं कुणी आहे का, ज्याला या आठवड्यात मी प्रेमाने फोन करू शकतो?

माझ्या ओळखीत विश्वासामुळे एकटं पडलेलं कोण आहे? मी कधी भेटायला जाणार?

प्रार्थना

प्रभू येशू, तुला आमची भीती ठाऊक आहे, कारण गेथशेमानेत तूही व्याकूळ झालास. आम्हाला उद्याचं नाही, आजच्या दिवसापुरतं धैर्य दे. तुझं नाव सांगताना आमची जीभ अडखळू देऊ नकोस, आणि आमच्या माणसांशी बोलताना ती कडू होऊ देऊ नकोस. ज्या भावंडांना आज तुझ्या नावासाठी घर, नोकरी किंवा जीव गमावण्याची भीती आहे, त्यांच्या अंधारात तू जा, आणि आम्हालाही त्यांच्याकडे पाठव. आमेन.

उद्या याच अध्यायाच्या पुढे, १ पेत्र ५:१-७ वाचू. प्रभू तुम्हाला सांभाळो.